मोटारीचा कंडेन्सर

‘भागतंय की’ हे माझं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्याची मला घमेंडही होती. सत्तरच्या दशकात विट्यात माझं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावातल्या जुन्या, परदेशी गाड्या माझ्याकडे यायच्या. त्यांचे सुटे भाग मिळायचे नाहीत. मग साताऱ्याच्या भंगारातून मी मोडीत निघालेल्या मोटारींच्या कॉइल, वायरी, हॉर्न पिशवी भरून आणायचो आणि कसंही करून बसवायचो. लोक तोंडभरून कौतुक करायचे. मला तेच हवं असायचं.

एका उन्हाळ्यात कडेगावकडचे एक रिटायर सुभेदार आपली गाडी बैलगाडीत घालून घेऊन आले. कंडेन्सर गेला होता. कंडेन्सर म्हणजे करंगळीएवढी नळी, पण ती बिघडली की ठिणगी धड पडत नाही आणि इंजिन बंद पडतं.

“आमच्या मंडळींना छातीचा तरास हाय,” ते म्हणाले. “पुन्ना दम लागला तर लगीच मिरजेला आणा, असं डाक्टरनी बजावलंय. गावात दुसरं वाहान न्हाई. तवा पुण्यास्नं नवाच मागवा. आठ दिस थांबतो मी.”

“आवं, कशाला थांबताय? मोटारीचा हाय माझ्याकडं. भागतंय की!”

मोटारीचा कंडेन्सर लांबीला जास्त. मूळ जागी, झाकणाखाली तो मावेना. मी पत्र्याची पट्टी वाकवून तो बाहेर, इंजिनाला लागूनच आवळला. त्याआधी ठिणगी घेऊन बघितली होती, चट्ट आवाज आला होता. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. एसटी स्टँडपर्यंत एक चक्कर मारली आणि गाडी त्यांच्या हाती दिली.

जुना कंडेन्सर गार असताना ठणठणीत वाटतो आणि तापला की दगा देतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. पण दोघंचौघं बघत उभे होते, वाहवा करत होते, आणि गाडी तापेपर्यंत तासभर थांबायचा मला कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही.

तीन आठवड्यांनी ते परत आले. डोकं भादरलेलं होतं. मी चरकलो.

“तासगावच्या अलीकडं बंद पडली,” ते म्हणाले. “गार झाली की चालू व्हायची. दोन मैल जायची, की फिरून बंद. चारदा थांबलो. भर उनात रस्त्याकडंला बसवलं तिला. मीच म्हणत हुतो, जरा दम धर, गार हुदे गाडी. पाचव्यांदा गाडी चालू झाली. ती उठली न्हाई.”

त्यांनी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

“नवा बसवा,” ते म्हणाले. “गावात अजून दुसरं वाहान न्हाई.”

पुण्याहून कंडेन्सर यायला आठच दिवस लागले. त्यांच्यासमोर तो मूळ जागी बसवला, झाकण लावलं, किक मारली.

“तापल्यावर चालंल न्हवं?” त्यांनी विचारलं.

मी इंजिन चालूच ठेवलं. तासभर आम्ही दोघं त्या गाडीजवळ उभे राहिलो. ती एकदाही बंद पडली नाही.