दहा ते तीन

लातूरच्या बसस्टँडवर अण्णांनी माझं कंपनीचं पत्र उन्हात धरून बघितलं. शिक्का खरा आहे का, म्हणून. अण्णा मोंढ्यात मापाडी. सगळा जन्म दुसऱ्यांचं धान्य तोलण्यात गेलेला, त्यामुळे कुणी काही सांगितलं की त्यांना आधी वाटायचं, वजनात मारलं तर नाही ना. मला न्यायला आलेल्या मामेभावाला त्यांनी तीनदा विचारलं, भोसरीची खोली नक्की कुणाच्या नावावर आहे. बस हलली तेव्हा आई रडत होती आणि अण्णा बसचा नंबर लिहून घेत होते. खिडकीशी येऊन म्हणाले, "माय, कुणाच्या बोलण्यावर जाऊ नको. काट्यावर घालून बघ."

गावाकडच्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, मी तेच करत आले. भोसरीच्या मालकिणीने पाण्याची वेळ सांगितली, तर मी दोन दिवस बादली लावून खात्री केली. चाकणच्या कंपनीत मला क्वालिटीत टाकलं, म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या कामावर संशय घ्यायचा. इतकं मनासारखं काम मला पुन्हा मिळालं नाही. पहिल्याच आठवड्यात अण्णांना कळवलं, "दिवसा फोन करू नका, मोबाईल गेटवर जमा करतात." त्यावर त्यांनी विचारलं, "पावती देतेत का?"

सात महिन्यांनी ब्रेक लागला. गावाकडच्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगते. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला कंपनी मध्येच काही महिने घरी बसवते, कायम करावं लागू नये म्हणून. कामावरून काढलं असं कुणी म्हणत नाही, ब्रेक म्हणतात. मी घरी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार होते? रोज संध्याकाळी अण्णा विचारायचे, "कुठं हाईस?" मी म्हणायचे, "आत्ताच सुटले कंपनीतून." मला ती चौकशी पोलिसासारखी वाटायची, राग यायचा. दुपारी मात्र खोलीत एकटीला बसवेना, मग आईला फोन लावून तासभर काहीबाही बोलत बसायचे.

त्या रिकाम्या दिवसांत मी ऑनलाइन बीकॉमला नाव घातलं. अण्णा म्हणाले, "घरी बसून डिगरी? फसवलालेत तुला." मलाही तसंच वाटत होतं. दर आठवड्याला युनिव्हर्सिटीची एक बाई फोन करायची, किती झालं, कुठे अडलं विचारायची. ही काय विकणार आहे, याची मी वर्षभर वाट बघितली. तिने काहीच विकलं नाही. ब्रेक संपल्यावर नोकरी सांभाळून माझी डिग्री झाली, आणि तिच्याच सांगण्यावरून मी तिथे अर्ज केला. आता मी लर्निंग कोच आहे. चिंचवडच्या ऑफिसात हेडफोन लावून बसते आणि शिफ्ट करून शिकणाऱ्यांना फोन करते. तेही माझ्यावर तसाच संशय घेतात. एकाने तर माझ्याकडेच आधार कार्डाचा फोटो मागितला. मला तो मुलगा फार आवडला.

सोमनाथ माझ्याकडे दुसऱ्या वर्षाला होता. मोशीच्या जुन्या गावातला, बायको आणि लहान मुलगी असलेला, चाकणला कॉन्ट्रॅक्टवर. आधी तो रात्री जेवणानंतर लॉगिन करायचा. अचानक सकाळी दहा ते दुपारी तीन दिसायला लागलं, जवळजवळ रोज. फोनवर विचारलं तर म्हणाला, "सकाळची शिफ्ट चालू हाय मॅडम."

माझे कान टवकारले. सकाळच्या शिफ्टला मोबाईल गेटवर, मग दहा ते तीन हा धडे कुठून बघतो? म्हणजे याच्या नावाने दुसरंच कोणीतरी शिकतंय. बहुतेक बायको. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मी कळवलं असतं तर त्याचं सत्र अडकलं असतं, म्हणून आधी खात्री करायचं ठरवलं. खरं तर त्यालाच सरळ विचारायला हवं होतं. अर्जावरच्या घरच्या नंबरावर फोन करायचा तो विद्यार्थी बरेच दिवस सापडला नाही तरच, असा आमचा नियम. मी नियम मोडून त्याच्या बायकोला, रूपालीला, फोन लावला.

"मी कशाला करू त्यांचा अभ्यास?" ती म्हणाली. "ते डबा घेऊन सकाळीच कंपनीत जात्यात. मोबाईल बी त्यांच्याजवळच आसतो."

"कंपनीत मोबाईल चालत नाही ना पण," मी म्हणाले. क्वालिटीतली सवय, चूक दिसली की बोट ठेवायचंच.

मग ती म्हणाली, "मंग हे दिवसभर मोबाईल घेऊन बसत्यात कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथचा फोन आला. "मॅडम, तुमी घरी कशाला फोन केला? दोन महिने झालं मला ब्रेक लागलाय. घरी सांगितलं न्हवतं. युनिफॉर्म घालून निघायचो आन पलीकडच्या गावात देवळात बसायचो, तिथं चार्जिंग हाय. काल सगळं खरं सांगितलं तर ती मानंना. म्हणती, कुनीतरी बाई हाय. ती मुलीला घेऊन माहेरी निघालीय. आता ह्या अभ्यासाचं नाव बी नको."

मला माझीच लाज वाटली. जगात ब्रेक लपवणारं माणूस ओळखायला माझ्याइतकं लायक कोण होतं? आणि मी त्याला चोर ठरवून बसले होते. तो फोन ठेवायच्या आत मी म्हणाले, "मी येते. मोबाईलवरचा तुमचा रेकॉर्ड त्यांना दाखवू का?" तो म्हणाला, "दाखवा. काय ऱ्हायलंय आता?"

सुट्टी टाकून मोशीची बस धरली. रूपालीची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "दर आठवड्याला फोन करनारी ती तुमीच का?"

"मीच," म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हे बघा."

आणि ज्या यादीवरून मला संशय आला होता तीच तिच्यापुढे धरली. तारीख, वेळ, कोणता धडा, किती प्रश्न सोडवले, किती चुकले. ती एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेली. अण्णा काट्याकडे बघायचे तसं बघत होती. सोमनाथ भिंतीला टेकून उभा होता.

"रविवारचं काईच न्हाई?" तिने विचारलं.

"रविवारी घरीच आसतो ना मी," सोमनाथ म्हणाला.

तिने यादीवरचं बोट काढलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "देवळात उन्हाचं जेवत व्हता कुठं?" आणि पिशवी उचलून आत घेऊन गेली. सोमनाथने परीक्षा दिली. निकाल लागायचा आहे. मी त्याला आता शिफ्ट विचारत नाही.

त्या दिवशी परतीच्या बसची वाट बघताना अण्णांचा फोन आला. "कुठं हाईस?"

माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, मागे मला ब्रेक लागला होता. तीन महिने खोलीवरच बसून होते. तुम्हाला खोटं सांगितलं."

"ठाव हाय की," अण्णा म्हणाले. "कंपनीत मोबाईल जमा करतेत, तूच सांगितलीस. मंग भर दुपारी मायसंगं तासभर कशी बोलायलीस?"

"मग विचारलं का नाही?"

"रोज इचारलो की. कुठं हाईस म्हणून."

मी स्टॉपवर रडायला लागले, लोक बघत होते तरी. इतक्या वर्षांत मला वाटत होतं, मी गाव सोडून आले आणि घर मागे राहिलं. घर रोज संध्याकाळी फोन करत होतं, सगळं माहीत असून तेच विचारत होतं, आणि मी त्यालाच थापा मारत होते.

"आता सांग," अण्णा म्हणाले, "कुठं हाईस?"

"मोशीच्या स्टॉपवर," मी म्हणाले. "बस अजून आली नाही."