साठे सरांची अकरा पॅकेजेस

आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात एकदा बिल्ड लावला की तो संपेपर्यंत चहा पिण्याशिवाय काही करता येत नाही, म्हणून किस्से साठतात. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मूळ कोडमधून हवी तशी पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रामचे संच, बांधायची, हे आमचं काम; त्या बांधणीलाच बिल्ड म्हणतात. थोडक्यात, तयार मसाला न आणता घरीच कुटायचा!

आमचे साठे सर तीन वर्षं पुण्याला बदली मागत होते. वहिनी तिकडेच असतात. पण अकरा पॅकेजेस फक्त सरांनाच बांधता यायची, म्हणून मॅनेजर चढ्ढाजींची अट एकच: "ग्यारह के ग्यारह पैकेज आपके बिना बनवा दो, फिर बिल्कुल जाओ पूना!" ती बांधायला शिकायचं होतं मी.

*

पहिलंच पॅकेज सरांच्या मशीनवर झटक्यात झालं, माझ्या कोऱ्या मशीनवर आपटलं. त्याला लागणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, सापडेना. सरांनी ती कधीतरी हाताने टाकलेली, यादीत लिहिलीच नव्हती.

"अगं, ती तर असतेच!"

"कुठे असते, सर?"

"माझ्याकडे!"

*

एका पॅकेजमध्ये सरांनी दोन ओळींचा पॅच, म्हणजे कोडला ठिगळ, घातला होता. वर टीप: 'हे काढू नये.' मी अर्थातच काढलं. बिल्ड कोसळला. मुकाट्याने परत घातलं आणि विचारलं, "सर, हे नेमकं करतं काय?"

"ते कळलं असतं तर टीप कशाला लिहिली असती?"

*

सर शेजारी बसले की त्यांचा हात कीबोर्डकडे जायचाच. शेवटी चढ्ढाजींनी त्यांना वहिनींसाठी साडी आणायला मेट्रोने दिल्लीच्या करोल बागेत पिटाळलं. दर दोन स्टेशनांनी फोन! "कुठवर आलं?"

चढ्ढाजींनी माझा फोन हिसकावला. "साठे साहब, मेट्रो में आप बैठे हो यार, पैकेज नहीं!"

सर साडी न घेताच परत आले.

*

अकरावं पॅकेज मी एकटीने बांधलं. सर तेव्हा खाली कँटीनमध्ये होते. एकही एरर नाही! मला नाचावंसं वाटत होतं. चढ्ढाजींनी समोसे मागवले आणि बदलीचं पत्र सरांच्या हातात ठेवलं.

सरांनी पत्राची घडी करून खिशात घातली, माझ्या खुर्चीत बसले आणि बिल्डचा लॉग, म्हणजे मशीनने केलेली नोंद, पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. समोसे गार झाले. तेवढ्यात पुण्याहून वहिनींचा फोन. सरांनी स्पीकरवर टाकला.

"काय हो, झाली का अकरा?"

स्क्रीनवरची नजर न काढता सर म्हणाले, "दहा झालीत."