नवख्याची बाजू

नानांना हरताना ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी नाना पाहिलेच नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगते. जिंकल्यावर कुणीही बरा दिसतो, त्यात काय मोठं. नाना हरले की खुर्ची वीतभर मागे सारायचे, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "परत लाव." आवाज चढलेला नाही, पडलेला नाही. टायपिंगच्या परीक्षेत नापास होऊन रडत आलेल्या मुलीला हेच, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या भुतांनी त्यांचा अख्खा किल्ला जाळला तर स्वतःलाही हेच.

नाना मूळचे असोद्याचे. घरची केळीची बाग भावाने सांभाळली आणि यांनी जळगावात टायपिंगचा क्लास काढला. मी तिथे मराठी आणि इंग्रजी दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदार. सगळी उमर दाराशी स्टुलावर काढलेली, म्हणून लेकीने टेबल-खुर्चीवर बसावं एवढी एकच त्यांची इच्छा. ती पुरी होणार असं वाटत असतानाच, नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, जिकडे तिकडे कॉम्प्युटर आले आणि माझी दोन्ही सर्टिफिकेटं पेटीत जाऊन पडली.

बाबांनी मला स्टेशनकडच्या एका चकचकीत क्लासला घातलं. पहिल्याच दिवशी मी माऊस उचलून पडद्याला टेकवला. शिकवणारा हसला, मग सगळा वर्ग हसला. मी उठले ती परत गेलेच नाही. मी मुलखाची हट्टी, आणि हट्टी माणसाला कुणी हसलेलं सोसत नाही. अडचण अशी होती की धुळ्याला, देवपुरातल्या एका शिक्षणसंस्थेत कॉम्प्युटरच्या खोलीसाठी मदतनीस हवी होती. परीक्षा डिसेंबरात. बाबांनी माझा अर्ज टाकूनही दिला होता, आणि मी माऊसला हात लावायला तयार नव्हते.

नानांनी तोवर आठ टाइपरायटर विकून दोन जुने कॉम्प्युटर आणले होते. वय अठ्ठावन्न. लोक म्हणाले, नाना बहकले. त्यातल्या एका डब्यात आधीच्या मालकाचा एक खेळ तसाच राहून गेला होता. राज्य उभारायचं, सोनं खणायचं, फौज बांधायची आणि समोरच्यावर चालून जायचं. सुरुवातीलाच चार फौजांतली एक निवडायची. त्यांची इंग्रजी नावं नानांच्या जिभेला मानवेनात, म्हणून त्यांनी आपली ठेवली: माणसं, कानवाले, बुटके आणि भुतं. कानवाले म्हणजे टोकदार कानांचे, जंगलात राहणारे देखणे तिरंदाज. बुटके म्हणजे दाढीवाले, खाणीत राबणारे, हातात हातोडा.

दुसरा कुणी असता तर खेळ पुसून मोकळा झाला असता. नानांच्या डोक्यात आलं की ज्याला हा खेळ जमेल त्याचा हात माऊसवर आपोआप बसेल. मग नवख्याला चारांतलं कोण द्यावं? असोद्याला कुणी पहिल्यांदा बाग लावणार असला की त्याला कोणतं वाण द्यायचं याचा जसा खल चालतो, तसा नानांनी हा प्रश्न धसाला लावला. एकेक महिना एकेक फौज घेऊन खेळले आणि वहीत टिपणं केली. कानवाल्यांपुढे लिहिलं, "दिसायला झकास. लांबून मारतात, कुणी जवळ आलं की संपले. पोरं चित्र पाहून हेच घेतील आणि रडतील." भुतांपुढे, "बटणं फार." माणसांपुढे, "फौजेचे इतके प्रकार की कोण कशाला तेच ध्यानात राहत नाही." बुटक्यांपुढे मात्र, "हळू चालतात. भिंती जाड. चूक पोटात घालतात." नवख्याला जिंकून देणारं नको, त्याची चूक पोटात घालणारं हवं, हे नानांचं पक्कं मत. शिवाय एक नियम: नवखा हरला तरी चालेल, पण पहिल्या दहा मिनिटांत हरता कामा नये. दहा मिनिटं टिकला की तो उद्या परत येतो.

ही वही मला पुढे दिसली. बाबांनी ओढत नेऊन मला नानांच्या क्लासात बसवलं त्या दिवशी दिसला तो भिंतीवरचा तक्ता. नानांनी शब्दकोश घेऊन खेळातल्या सगळ्या सूचना मराठीत केल्या होत्या आणि ब्रशने ठळक लिहून लावल्या होत्या. पहिली सूचना, "डबा सुरू करा." दुसरी, "जात निवडा." तिच्याखाली लाल शाईत, "नवख्यांसाठी सोपी जात: बुटके."

मी दोनदा वाचलं. पाचच मिनिटांपूर्वी मी प्रवेशाचा अर्ज भरला होता आणि त्यातही तो रकाना होताच. आम्ही बौद्ध. तो रकाना भरताना शेजारी कुणी बघतंय का, हे बघायची सवय मला शाळेपासूनची.

"नाना," मी म्हटलं, "सोपी जात निवडता येत असती तर आमच्या आजोबांनी निवडली नसती का?"

नानांना कळेचना. "अगं, जात म्हणजे वाण. केळीची जात, कपाशीची जात. इंग्रजीत रेस लिहिलंय. कोशात बघितलं तर वंश, जात, शर्यत असं दिलंय."

"केळीला अर्ज भरावा लागत नाही," मी म्हटलं, पिशवी उचलली आणि चालू लागले. दुसऱ्याही क्लासातून लेक उठून आली म्हटल्यावर बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते ताटावरून लवकर उठले. ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी नाना सायकलवर आमच्या घरी आले. कॅरियरला तक्त्याची गुंडाळी, हँडलला शाईची बाटली लटकलेली. ओट्यावर तक्ता पसरला, चार कोपऱ्यांवर आमच्याच चार वाट्या ठेवल्या आणि मला म्हणाले, "माह्याकडून शब्द चुकला. आता तू दे मले." नाना शिकवताना पुस्तकी बोलायचे, आतून हलले की असोद्याचे व्हायचे.

राग होताच. पण हा माणूस भर उन्हात तक्ता घेऊन आला होता, तेही दिसत होतं.

"बाजू," मी शेवटी म्हटलं. "बाजू निवडा, असं लिहा. बाजू माणसाला निवडता येते."

नानांनी 'जात'वर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून वर 'बाजू' लिहिलं. दोन्ही ठिकाणी. बाबा उभ्याउभ्या वाचत होते. त्यांनी विचारलं, "बुटक्यांची बाजू सोपी का, नाना?"

"भिंती पक्क्या. राखण चांगली करतात."

"मग आपली तीच," बाबा म्हणाले, आणि पुष्कळ दिवसांनी हसले.

माफी मागणं नानांना जमायचं नाही. दुरुस्ती करणं जमायचं, टायपिंगवालाच तो. दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले तर नाना पट्टी-पेन घेऊन बसलेले. समोर छापून आणलेल्या अर्जांचा गठ्ठा, आणि एकेका अर्जातला जातीचा रकाना सरळ रेघ मारून खोडणं चाललेलं. "शाळेच्या अर्जावरून उतरवला होता," म्हणाले. "मले काय करायचं ते विचारून? बोटं तर बठ्ठ्यांची, साऱ्यांचीच दहा." मी मदत करते म्हटलं तर पट्टी देईनात. दोन दिवस बसून गठ्ठा त्यांनी एकट्यानेच संपवला.

शिकताना मी माझा हट्ट सोडला नाही. पहिल्यांदा कानवालेच घेतले, दिसायला चांगले म्हणून. सहा मिनिटांत जमीनदोस्त. नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "परत लाव." मग मुकाट्याने बुटके घेतले. अकरा मिनिटं टिकले. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठेवलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सोनं खणायला माणूस पाठवायचा तर क्लिक करा, फौज गोळा करायची तर माऊस दाबून चौकट ओढा, डाव अर्धा सोडायचा तर फाइल जतन करा. महिनाभरात हात असा बसला की माऊसची भीती कधी गेली ते कळलंही नाही. मग पत्रं, तक्ते, छपाई हे सगळं दिवाळीपर्यंत उरकलं.

आणि बुटके घेऊन मी रोज जिंकायला लागले तसे नाना एके दिवशी म्हणाले, "बुटके बंद. उद्यापासून भुतं."

"का? चांगलं चाललंय की माझं."

"म्हणूनच. सोपी बाजू बसायला शिकवते. तिथंच बसून राहायचं नसतं."

नंतरचे दोन आठवडे मी रोज हरले. रोज चिडले, रोज परत लावला. नानांचा मला तेव्हा मनापासून संताप यायचा.

डिसेंबरात बाबांबरोबर धुळ्याला गेले. परीक्षेला आम्ही सात जण. अर्धा वेळ झाला आणि वीज गेली. आली तेव्हा सगळ्यांचंच काम पुसलेलं, उरलेला वेळ वीस मिनिटं. शेजारची मुलगी रडायलाच लागली. मी खुर्ची वीतभर मागे सारली, परत पुढे घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझं पत्र पुरं झालं, जागा मला मिळाली. मी बाहेर आल्या आल्या बाबांनी विचारलं, "खुर्ची कशी आहे?" फिरती आहे म्हटल्यावर पुढच्या महिन्यात ते मुद्दाम देवपूरला आले, आजूबाजूला कुणी नाही बघून तिच्यावर बसले आणि एक गिरकी घेऊन उठले.

दोन वर्षांनी नानांना झटका आला. उजवी बाजू गेली. क्लास बंद पडला, एक कॉम्प्युटर तेवढा असोद्याला घरी नेऊन ठेवलेला. मी भेटायला गेले ती आमची शेवटची भेट. बोलणं बोबडं झालं होतं. मी माऊस डावीकडे ठेवला, त्यांचा डावा हात त्यावर टेकवला आणि म्हटलं, "नाना, बाजू निवडा." पडद्यावरचा बाण किती तरी वेळ भरकटला. शेवटी त्यांनी बुटके घेतले.

त्यांची नजर चुकवून मी समोरच्या फौजेला आधीच सर्वांत सोपं करून ठेवलं होतं. कुणी हल्ला करीना. नाना डाव्या हाताने कसंबसं सोनं खणत होते, भिंत बांधत होते, मधेच बाण भलतीकडे जात होता. एकाएकी ते थांबले. घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दहा झाले," ते म्हणाले. "आता येऊ दे त्यांना."

माझी चोरी पकडली गेली होती. मी गुपचूप खेळ सर्वांत अवघडवर नेला. भुतं आली, आणि चार मिनिटांत नानांच्या जाड भिंती जळून खाक झाल्या. मला बघवेना. मी मान खाली घातली, तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नानांनी डाव्या पायाने रेटा देऊन खुर्ची बोटभर मागे सारली होती. चष्मा त्यांना पुसता येईना, म्हणून तो काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी ओढणीने पुसला आणि त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"परत लाव," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांचे एवढे दोनच शब्द अगदी स्पष्ट आले.

मी परत लावला.