शेंदराखालचं नाव

ब्रँच लाइनवर नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. दिवसाकाठी मोजून चार गाड्या. उरलेल्या वेळात गप्पा मारायच्या आणि दुसऱ्यांवर जळायचं! ऐंशीच्या दशकात मी चाळीसगाव-धुळे लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनात बुकिंग क्लार्क होतो.

माझा बॅचमेट सुरेश मात्र जळगावजवळ मेन लाइनवर. दोन्ही स्टेशनं राणीच्या राज्यातली, एकसारख्या काळ्या दगडाची. पण तो भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्याकडे मेल थांबते!" माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

*

एकदा तो आमच्याकडे आला आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ बघून हसला, "बंद आहे की रे!"

आमचे गँगमन धुडकूभाऊ शांतपणे म्हणाले, "बंद नही शे. गाडीनी वाट देखी ऱ्हायनं!"

*

मग पत्र आलं. इंग्रजांच्या वेळच्या स्टेशनांचं पुस्तक निघणार होतं. आमच्या दोघांपैकी एकाच स्टेशनाचा फोटो त्यात येणार! सुरेशनं पितळी घंटा घासायला घेतली. मी इतिहास शोधायला निघालो. फलाटावर शेंगा विकणाऱ्या अक्कांना विचारलं, "स्टेशन किती जुनं असेल?"

"मना लगीनले बी आसंच जुनं व्हतं!"

*

यार्डात निंबाखाली आमचा लाइनबाबा होता, शेंदूर फासलेला दगड. गँगमन त्याला नारळ फोडूनच कामावर जायचे. एके ठिकाणी शेंदूर निघाला होता आणि तिथे मला चक्क इंग्रजी अक्षर दिसलं! आमच्या स्टेशनाच्या पायाचा दगड! मी खरवडायला गेलो, तर धुडकूभाऊ ओरडले, "देव शे तो! हात लावानं नही!"

*

पुस्तकवाले साहेब आले त्या दिवशी सुरेशही आला, आमची फजिती बघायला. मी ऐटीत साहेबांना निंबाखाली नेलं. साहेबांनी बूट काढले, नारळ फोडला. धुडकूभाऊ खूश झाले. त्यांनी स्वतः तेलाच्या बोटानं थोडा शेंदूर पुसला.

साहेबांनी वाचलं. नाव सुरेशच्या स्टेशनाचं होतं! इंग्रजांच्या वेळी कुणीतरी दगड चुकीच्या स्टेशनात उतरवला असणार.

"आमचा दगड!" सुरेश उडालाच. "आजच पार्सलनं नेतो!"

धुडकूभाऊंनी बोटभर शेंदूर घेतला आणि ते नाव पुन्हा लिंपून टाकलं.

"देवनी बदली व्हत नही, साहेब!"

साहेबांनी कॅमेरा उघडला आणि लाइनबाबासकट आमच्या स्टेशनावर रोखला. "सुरेश, तुम्ही जरा बाजूला व्हा."