भाईशेठचे दहा वर्षांचे करार

आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या हॉकी टीममधले चार जण जमलो की किस्से सुरू होतात. एक संपायच्या आत दुसऱ्याला दुसरा आठवतो. हसून हसून पुरेवाट होते आणि मग कुणीतरी रघूदादाचं नाव काढतं.

रघूदादा शिर्के मूळचा पालीचा, पण हॉकी मुंबईत खेळलेला. आमच्या मालकांनी, भाईशेठनी, त्याचा खेळ त्याच्या तरुणपणी एकदाच पाहिला होता. बऱ्याच वर्षांनी त्या एका मॅचवर त्यांनी त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला! रत्नागिरी स्टँडवर दादा एसटीतून एकेक पायरी धरत उतरला.

"गुडघा काय?" मी विचारलं.

"बसून बसून आखडलाय रे. वायच चाललं की सुटंल."

दहा वर्षांत काही तो सुटला नाही.

* * *

दुसरा करार गोलकीपर डिसोझाचा. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नसे. भाईशेठना सांगितलं तर म्हणाले, "बॉल जमिनीवरूनच येतो ना? मग!"

ही बातमी चिपळूणपर्यंत पोचली. पुढच्या मॅचला सगळे बॉल वरूनच आले!

* * *

मैदान कातळावरचं. मॅचच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघं बर्फाच्या टबाशी बसलेले असत, एकाचा गुडघा आत, दुसऱ्याचा खांदा.

भाईशेठ बघून म्हणाले, "कारखाना काढला मासळीसाठी, आणि बर्फात माणसंच ठेवायला लागली!"

डिसोझा सगळ्यात मोठ्याने हसला. दादा मात्र टबात बघत राहिला.

* * *

करारात अट होती, मॅचला मैदानात उतरलाच पाहिजे. नाहीतर नोकरी गेली आणि कारखान्याची खोलीही गेली. दादाची दोन्ही मुलं इथल्याच शाळेत होती.

मग आम्ही एक पद्धत पाडली. दादा सेंटरला उभा राहून पहिला पास द्यायचा आणि बाहेर यायचा. समोरच्या टीमनाही ठाऊक होतं. तो लाइनीबाहेर पोचेपर्यंत कुणी त्याच्या वाटेला जात नसे. अंपायरसुद्धा दुसरीकडे बघायचा!

वाईट एवढंच वाटतं, की ज्या खेळासाठी त्याला आणला, तो आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.

* * *

करारातली शेवटची मॅच. दादाने पहिला पास दिला, पण बाहेर आलाच नाही. बॉल परत मागून घेतला आणि पुढे निघाला. समोरचे सवयीने बाजूला झाले.

दादा थांबला आणि ओरडला, "अंगावर या की रे मेल्यांनो! मी काय देव हाय पालखीतला?"

त्यांचा नवा सेंटर-हाफ धावून आला. दादाने स्टिक नुसती वळवली. तो पोरगा एकीकडे, बॉल दुसरीकडे! भाईशेठ खुर्चीवरून उठून उभे राहिले.

पोरगा पुन्हा आला. या वेळी वळताना गुडघ्याने दगा दिला. दादा पडला, पोराने बॉल नेला आणि सरळ आमच्यावर गोल केला.

आम्ही धावलो. दादा कातळावर बसून टाळ्या वाजवत होता. भाईशेठही येऊन पोचले.

"शेठ, ह्या पोराला घ्या आपल्याकडं," दादा म्हणाला. "पण करार दोनच वर्षांचा करा!"