वाडीवर वाचलेला प्रोग्रॅम

शालनच्या भावाचा फोन आला तेव्हा शहापूरच्या आमच्या ऑफिसात मी तिच्यावरच चिडून बसले होते. सकाळपासून फोन उचलत नव्हती. शहापूर-मुरबाडकडच्या वाड्यांवरच्या विहिरींची यादी सोमवारी कचेरीत द्यायची होती. टँकर कुठल्या वाडीला जाणार ते त्या यादीवर ठरतं, आणि ती बनवणारा प्रोग्रॅम शालनचा. भाऊ म्हणाला, "मंदाताई, शालनताई गेली. झोपेतच..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग आता यादी?" जळलं मेलं माझं तोंड! महिना होऊन गेला, पण आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शालन माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कल्याणला एका कंपनीत आकडेवारीचं काम करायची, ते सोडून मुरबाडला गावी आली आणि आमच्या छोट्या संस्थेत राबायला लागली. आल्या आल्या तिनं आमच्या कॉम्प्युटरवरचं, कुणीतरी फुकट घालून दिलेलं चोरीचं सॉफ्टवेअर पुसून टाकलं. मी ओरडले, "चांगलं चाललं होतं की गो!" तर म्हणते, "चोरीच्या वस्तूवर हक्काचं पाणी मागणार? लाज नाय वाटत?" मग तिनं 'आर' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं. कुणीही घ्यावं, आत काय चाललंय ते वाचावं, पटलं नाही तर बदलावं. पण त्यात बटणं नाहीत, नुसत्या ओळी लिहायच्या. मला बघूनच घाम फुटला. तेव्हा प्रत्येक ओळीशेजारी ती मराठीत लिहून ठेवायला लागली, ही ओळ काय करते ते.

आणि ते वाचायचं कुठे, तर वाडीवर! यादी देण्याआधी लॅपटॉप मांडीवर घेऊन ती विहिरीपाशी बसायची आणि बायकांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची. मला हा शुद्ध येडेपणा वाटायचा. पहिल्याच वर्षी सखूबाई नावाच्या बाईनं तिला अडवलं. "चार हातांवर पानी? मंग मी काय येडी म्हणून दोराला दोर जोडते?" त्या वाडीत दोर हातानं नाही, वावेनं मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. सखूबाईच्या चार वावा मी चार हात म्हणून भरल्या होत्या, त्यामुळे खोल गेलेलं पाणी कागदावर वर आलेलं दिसत होतं. परत येताना मी फणफणले, "सगळ्यांसमोर माझी अब्रू काढायची गरज होती?"

"तुजी अब्रू मोठी का त्यांचा टँकर? झाकून ठेवलं असतं तर सापडली असती का चूक?"

दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तीच नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली. मग काय, बोलावं लागलं.

ती गेल्यावर प्रोग्रॅम मीच चालवला. मुरबाडकडच्या एका वाडीपुढे आलं, 'टँकर नको'. तसंच देऊन टाकावंसं वाटलं, पण धीर होईना. रविवारी लॅपटॉप घेऊन एकटीच त्या वाडीवर गेले. शालन गेल्याचं सांगितलं. एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला... मग मी वाचायला लागले. "पाणी पहाटे, कुणी भरायच्या आधी मोजलेलं धरायचं." सगळीकडे सारखं माप यावं म्हणून शालननं याच वर्षी घातलेली ओळ.

"तितंच चुकलं तुमचं," तीच म्हातारी म्हणाली. "पाहाटे असतंच गो पानी, रातभर झरतं ना. धा बायांनी भरलं का नुसता चिखल. मंग सांजपर्यंत बसा वाट बघत."

खरं सांगते, मला म्हातारीचा राग आला. शालन कशी चुकेल? तावातावानं उठून विहिरीत वाकले. भर दुपारची वेळ. खाली चिखल.

दुपारचं मापही आमच्या वहीत असायचं, शालननं ते धरलं नव्हतं एवढंच. मी तिथंच बसून ती ओळ बदलली, दोन्ही मापं धरली, पुन्हा वाचून दाखवली. म्हातारी म्हणाली, "आता बराबर." सोमवारी यादी दिली, आणि गेल्या आठवड्यापासून त्या वाडीत टँकर येतोय.

इतक्या वर्षांत शालनचा शब्द मी पहिल्यांदाच फिरवला, आणि माझ्याशी भांडायला ती नव्हती.