सळईच्या टोकासमोरचा बिंदू

धामणगाव बढेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गोकुळ सुरडकर अकरा वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. यंदा पूर्णवेळ पद निघालं. वयाच्या अटीमुळे त्यांना करता येणारा हा शेवटचा अर्ज होता.

त्यांचा बारावीचा सगळ्यात रंगणारा तास प्रभारित सळईचा. सळईवरचा विद्युत प्रभार एका जागी नसतो, सलग पसरलेला असतो. मग तिच्यासमोरच्या एखाद्या बिंदूपाशी विद्युत क्षेत्र किती, हे काढायचं कसं?

"अख्खी सळई पाहू नका बे," सर सांगत. "काकडीवानी चकत्या करा. एकेक चकती म्हणजे एकेक ठिपका. एकेकीचा धक्का काढा अन् मंग सगळे मिळवा."

ही मिळवणी म्हणजे इंटिग्रेशन. बिंदू सळईच्या बरोबर मध्यासमोर असला, तर डावीकडच्या प्रत्येक चकतीला उजवीकडे जोडीदार असते. दोघींचे आडवे धक्के एकमेकांना मारतात, उभे तेवढे उरतात. इथं आलं की सर खडू उंचावून विचारत, "आडवा?" आणि वर्ग ओरडे, "कटला!" शेजारच्या वर्गातून तक्रार येई. परीक्षेत बहुधा मध्याचाच प्रश्न असल्यानं शिकवणंही तेवढंच होई.

निवडीसाठी प्रात्यक्षिक पाठ ठेवला होता. समोर त्यांचीच बारावी, मागच्या बाकांवर समिती. बुलढाण्याहून आलेल्या तज्ज्ञ सुचिता खेडेकर यांनी विषयाची चिठ्ठी दिली. सळई तीच होती, फक्त बिंदू मध्यासमोर नव्हता, एका टोकाच्या बरोबर वर होता.

सुरडकरांनी आकृती सुबक काढली. चकती घेतली, अंतर लिहिलं, धक्क्याचे आडवा आणि उभा असे दोन भाग केले. इथवर सगळं बरोबर. मग खडू वर गेला.

"आडवा?"

"कटला!"

त्यांनी आडव्या भागावर रेघ मारली.

"एक मिनिट, सर," खेडेकर मॅडम म्हणाल्या. "आडवा कोणाशी कटला?"

"पलीकडच्या चकतीशी."

"ती दाखवता?"

खडू टोकाच्या पलीकडे गेला. तिथं नुसता फळा होता.

"सळई वाढवा म्हणा बे," पोरांमधून कोणी तरी कुजबुजलं. दोघं-तिघं हसले.

"नाही कटत, मॅडम," सुरडकर म्हणाले. "सगळ्या चकत्या एकाच बाजूनं ढकलतात." त्यांनी रेघ पुसली, दोन्ही भागांची मिळवणी केली. उत्तर बरोबर आलं. तोवर समितीनं पेनांना टोपणं लावली होती.

बाहेर प्रेरणा नावाची विद्यार्थिनी थांबली होती. "सर, आम्ही बोंबललो नसतो तं..."

"तुमी काय करान? बोंबलाले मीच शिकवलं."

घरी त्यांच्या पत्नी पुष्पांजली यांनी विचारलं, "येवढं येत होतं तुमाले, तं चुकले काऊन?"

"तोंडात बसलेलं होतं. निघून गेलं."

"पण मंग बरोबर केलं ना? सांगा नं त्याइले."

"त्याइनं पाह्यलं ते. आधीचं बी पाह्यलं."

पद चिखलीच्या एका तरुणाला मिळालं. तो रुजू होईपर्यंत तास घ्या, असं प्राचार्यांनी सांगितलं. सुरडकरांनी ते मान्य केलं आणि पहिल्याच तासाला टोकासमोरचा बिंदू शिकवायला घेतला.

"सर, हे बोर्डाले येते काय?"

"नाही येत बहुतेक."

अर्ध्या वर्गानं पेनं खाली ठेवली. सरांनी गणित शेवटपर्यंत नेलं.

पुढच्या आठवड्यात नवे सर आले. सुरडकर आता मोताळ्याला मेव्हण्याच्या कृषी केंद्रात बसतात. जुने विद्यार्थी दुकानात आले, तर ते फवारणीच्या औषधांबद्दल बोलतात, कॉलेजची चौकशी करत नाहीत.